सेट कोणता, बैठक कुणाची? रेडिओपासून होम थिएटरपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत होम थिएटरचा रिसीव्हर कुठून आला? तर सुरुवात नावापासूनच करू. ॲम्प्लिफायरच्या पेटीत रेडिओचा ट्यूनरही बसवलेला असला, की त्या पेटीला रिसीव्हर म्हणायचं, अशी जुनी पद्धत. आजही होम थिएटरच्या पेटीत बहुधा एफएमचा ट्यूनर असतो. तो फारसं कुणी लावत नाही, पण नाव त्याच्यामुळे टिकलं. म्हणजे दिवाणखान्यातली ही पेटी आपल्या आजोबांच्या रेडिओचीच वंशज आहे. आणि पेटी निवडण्याचे प्रश्नही तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत.

आपण पिशोरला बसलो आहोत, तेव्हा इथूनच निघू. 1947 साली आपला कन्नड तालुका हैदराबाद संस्थानात होता. फाळणीनंतर भारताकडे आकाशवाणीची सहा केंद्रं राहिली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. संस्थानांकडे स्वतःची पाच होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. होय, औरंगाबाद! देशात बोटांवर मोजण्याइतकी केंद्रं असताना त्यातलं एक आपल्या जिल्ह्याच्या गावी होतं. पण ते कुणाचं होतं? निजाम सरकारचं. म्हणजे त्यावर काय लागायचं, हे ठरवणारा ऐकणारा नव्हता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं, तेही रेडिओवरून. 1950 मध्ये हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रं आकाशवाणीत आली.

आता त्या काळी सेट घ्यायचा म्हटलं, तर माणूस काय बघायचा? पहिला प्रश्न विजेचा. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. व्हॉल्व्हच्या सेटला बॅटरी लागायची, आणि तीही एका व्होल्टेजवर भागायची नाही. व्हॉल्व्ह तापवायला कमी व्होल्टेज आणि काम करवून घ्यायला जास्त, अशी जड जोडी. ती संपली की शहरातून आणा. सेटची किंमत एकदाच द्यायची, बॅटरीची मात्र पुन्हा पुन्हा.

दुसरा प्रश्न एरियल आणि अर्थिंगचा. दोन बांबू उभे करून, त्यांच्यात तांब्याची तार ताणून तिचं टोक घरात आणायचं. दुसरी तार जमिनीत पुरायची, ओल टिकावी म्हणून तिथे मीठ-कोळसा टाकायचा. ही बांधणी नीट नसेल, तर महागडा सेटही खरखरच ऐकवायचा. तिसरी गोष्ट परवान्याची. 1933 च्या कायद्यानुसार सेट बाळगायला परवाना लागायचा आणि दरवर्षी पोस्टात फी भरावी लागायची. ही कटकट थेट 1980 च्या दशकात सुटली.

आणि चौथा प्रश्न: सेटवर कोणते बँड आहेत? इथे एक मजेशीर प्रकरण आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? त्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' 1952 मध्येच सुरू झाली. पण सिलोन यायचं शॉर्टवेव्हवर. म्हणजे ज्याच्या सेटला फक्त मीडियम वेव्ह, त्याला बुधवारी रात्री गीतमाला नाही! सेट घेताना शॉर्टवेव्ह आहे का हे विचारलं जाऊ लागलं, त्याला दिल्लीतलं हे धोरणही कारणीभूत होतं. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. ऐकणाऱ्यांनी मोर्चा काढला नाही, नुसता बँड बदलला.

आता ज्या प्रयोगासाठी हा विषय घेतला, त्याकडे वळू. 1956 च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीनं पुणे आकाशवाणीनं मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. कल्पना कॅनडातली: ऐका, चर्चा करा, कृती करा. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अर्धा तास कार्यक्रम. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून ऐकणार, मग त्यावर बोलणार, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जाणार. परिणाम तपासायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि त्याचे प्रमुख होते पॉल न्यूरथ.

त्यांनी तुलना कशी केली ते बघा. काही गावांत मंडळ होतं. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. काही गावांत रेडिओच नव्हता. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना शेती, आरोग्य अशा विषयांवर प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती भरपूर वाढली. आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत? फार थोडी. आवाज दोन्हीकडे पोचत होता. फरक होता तो बैठकीचा: कोण बसलं, कशासाठी बसलं, ऐकल्यावर बोलायला मिळालं की नाही, याचा.

पिशोर या प्रयोगात नव्हतं, असू शकत नव्हतं. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. मुंबई राज्यात आलो ते 1 नोव्हेंबर 1956 ला. पण धडा आपल्यालाही लागू आहे, आणि त्यातला कडू भागही. गावाचा सेट चावडीवर ठेवला, की चावडीवर कुणी बसायचं याचे नियम सेटलाही लागायचे. बायकांनी तिथे येऊन बसावं, अशी पद्धत नव्हती. गावकुसाबाहेरच्या माणसाला तिथे जागा किती, हे वेगळं सांगायला नको. सेट सार्वजनिक होता, बैठक सगळ्यांची नव्हती.

पुढे ट्रान्झिस्टर आला. थोड्या सेलवर चालणारा, एरियलची तार न मागणारा. तो बांधावर गेला, गोठ्यात गेला, चुलीपाशी गेला. ज्यांना चावडीवर जागा नव्हती, त्यांना स्वतःचं ऐकणं मिळालं. हा फायदा लहान नाही. पण ऐकून झाल्यावर एकत्र बोलणं मात्र सुटत गेलं.

आता आजच्या पेटीकडे येऊ. घ्यायची असेल तर तेच जुने प्रश्न विचारा. वीज कशी आहे? दाब वरखाली होत असेल तर आधी स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग. काय ऐकणार? टीव्हीतून आवाज पेटीत आणायचा असेल तर दोन्हीकडे एचडीएमआयचं एआरसी किंवा ईएआरसी हवं. हे आजचे 'बँड'. खोक्यावरच्या वॉटवर जाऊ नका. पीएमपीओचे हजारो वॉट छापलेले टेपरेकॉर्डर आपण पाहिलेत. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो. स्पीकरचे ओहम पेटीला चालतात ना, हे बघणं जास्त महत्त्वाचं.

मग बांधणी. मधला स्पीकर संवादांचा, तो टीव्हीलगत, तोंड बसणाऱ्याकडे. पुढचे दोन मधल्या रेषेपासून 22 ते 30 अंशांवर. मागचे दोन कानांच्या जरा मागे, 110 अंशांच्या आसपास. पैसे कमी असतील तर पाच सुमार स्पीकरपेक्षा पुढचे तीन चांगले घ्या. आणि खोली ऐका. जुन्या माळवदाच्या जाड मातीच्या भिंती आवाज बऱ्यापैकी गिळतात. पत्र्याच्या आणि गुळगुळीत स्लॅबच्या घरात तो घुमतो, पत्रा तर स्वतःच वाजतो. तिथे नवा स्पीकर घेण्याआधी सतरंजी, पडदे, गाद्या लावून बघा.

पण एक लक्षात घ्या. हे सगळे अंश मोजायचे कुठून? बसणाऱ्याच्या डोक्यापासून. म्हणजे पेटी बसवण्याआधी ठरवावंच लागतं, की मधली जागा कुणाची. बहुतेक घरांत हे न बोलता ठरतं, आणि घरातल्या बाईची जागा पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात येते. चावडीचा नियम असा दिवाणखान्यात शिरतो. म्हणून सोफा भिंतीला चिकटवू नका, आवाज एका खुर्चीसाठी नव्हे तर सगळ्या बैठकीसाठी जुळवा, आणि सिनेमा संपला की लगेच दुसरा लावू नका. दहा मिनिटं पेटी बंद ठेवून बोला. 1956 च्या त्या गावांत फरक पडला होता तो सेट बंद झाल्यावरच्या बोलण्यानं.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर आता विचारा, कारण नुसतं ऐकून उठायचं नाही, हेच आजच्या व्याख्यानाचं सांगणं आहे.