हद्द लिहिणाऱ्याने घालायची

विश्रामबागेच्या एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला मिरज. १९४७ साली सुरू झालेले आणि पुढे वालचंद हे नाव मिळालेले अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात आहे. सर्व्हरवर फाइल स्वीकारणारा प्रोग्रॅम लिहिताना तिथल्या संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला मल्टिपार्ट मजकूर वाचावा लागतो. अर्जातले नाव, जन्मतारीख, फोटो, पीडीएफ असे सगळे एकाच प्रवाहात एकापाठोपाठ येते आणि लायब्ररी त्यातला एकेक भाग सुटा करून हाती देते. मेमरी वाचावी म्हणून ही पद्धत, असे सहसा सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. वाचणारा कितीही हुशार असला तरी लिहिणाऱ्याने हद्दी घालून ठेवल्या नसतील तर त्याला भागाभागाने वाचताच येणार नाही. या म्हणण्याला मोठा आधार मिरजेच्या पटवर्धनी कागदपत्रांत सापडतो.

मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पेशवाईतल्या पटवर्धन सरदारांचे दप्तर तपासून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ हे नियतकालिक काढले. १९२४ साली ते वारले, तोवर त्याचे बारा खंड झाले होते. पुढचे काम त्यांच्या मुलाने, यशवंतरावांनी, चालवले. हैदर आणि टिपूवरच्या मोहिमांतून, पुण्याच्या दरबारातून, छावण्यांतून आलेली ही पत्रे मोडीत आहेत. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिला लोंबकळत अक्षरे लिहीत जायची. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. आतला मजकूर असा सलग असल्यामुळेच बाहेरची चौकट पक्की लागे. माथ्यावर ‘श्री’, मग पत्र घेणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेला मायना, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. सरकारी कागदावर अखेरीस मोर्तब, म्हणजे यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती उघडी पडावी. लांब सनदेचे बंद एकमेकांना चिकटवले की जोडावरही शिक्का उठे, मधला बंद कोणी बदलू नये म्हणून. मुख्य पत्रासोबत वेगळ्या विषयाची पुरवणी जाई. कारकुनांनी ही शिस्त पाळली होती, म्हणून शंभर वर्षांनी रुमाल सोडणाऱ्या शास्त्रीबुवांना एक पत्र कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले ते कळू शकले. सारे दप्तर वाचून होईपर्यंत त्यांना छपाई थांबवावी लागली नाही.

आता संगणकाकडे पाहू. नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली ईमेलसाठी माइम ही रीत मांडली. १९९५ साली तीच मल्टिपार्ट घडण वेबवरच्या अर्जांतून फाइल पाठवायला घेतली गेली. पाठवणारा आरंभीच जाहीर करतो की बाउंडरी, म्हणजे भागांमधल्या हद्दीची खूण, अमुक अक्षरांची असेल. ती सत्तर अक्षरांपेक्षा लांब नसावी आणि कोणत्याही भागाच्या मजकुरात येऊ नये. प्रत्येक भागाच्या माथ्यावर त्याचे नाव आणि प्रकार असतो, आणि शेवटच्या बाउंडरीपुढे आणखी दोन आडव्या रेघा आल्या की सगळे संपले. वाचणाऱ्या लायब्ररीचे अवघड काम यानंतरचे आहे. प्रवाह तुकड्यातुकड्याने येतो, त्यामुळे बाउंडरीची अर्धी अक्षरे एका तुकड्याच्या टोकाला आणि उरलेली पुढच्या तुकड्यात असू शकतात. म्हणून हाती आलेली शेवटची काही अक्षरे हद्दीची सुरुवात नाहीत, याची खात्री होईपर्यंत लायब्ररी ती पुढे देत नाही. हे काम फार नेमके आहे, आणि ते शक्य होते केवळ हद्द आधी ठरलेली असते म्हणून.

यावर कोणी म्हणेल की पेशवाईतल्या कारकुनाचा आणि माइमचा काय संबंध? वारशाचा संबंध नाहीच, तसा दावा मी करत नाही. अडचण एक होती, म्हणून उपाय सारखा निघाला, एवढेच. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: आज मेमरी स्वस्त आहे, मग सगळे एकदम का वाचू नये? कारण सर्व्हरपुढे एकाच वेळी हजारो पाठवणारे असतात आणि कोण केवढी फाइल पाठवील याचा भरवसा नसतो. गो भाषेच्या ठरीव सोयीत बत्तीस एमबीपलीकडच्या फाइली मेमरीत न ठेवता डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलींत जातात. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये भागाभागाने वाचणारा रीडर प्रत्येक भागाच्या माथ्यावरच्या ओळींनाही मर्यादा घालतो. भागाभागाने वाचणाऱ्याला नको असलेला ऐवज माथा पाहूनच नाकारता येतो.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. एका भागाचा अर्थ दुसऱ्यावर अवलंबून असेल तर काय? पटवर्धनी पत्रांत चंद्राची तिथी आणि महिना असतो, पण साल पुष्कळदा नसते. ते आतल्या घडामोडींवरून आणि इतर पत्रांशी ताडून ठरवावे लागे. खऱ्यांनी पत्रे कालक्रमाने लावली आणि त्यांच्याआधी त्या काळाची हकीकत स्वतःच्या शब्दांत दिली. तुटक भागांना जोडणारा हा धागा कारकुनांच्या शिस्तीतून आपोआप मिळणारा नव्हता, तो संपादकानेच ओवायचा होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर हाच प्रसंग येतो. फाइल आधी आली आणि ती कोणाच्या खात्यात ठेवायची हे सांगणारा रकाना तिच्यामागून आला, तर फाइल कुठेतरी तात्पुरती ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि वाचवलेली मेमरी डिस्कवर खर्ची पडते. अर्जातल्या रकान्यांना क्रम असेल तर भागही त्याच क्रमाने पाठवावेत, अशी शिफारस मल्टिपार्ट अर्जांचे नियम सांगणाऱ्या २०१५ च्या आरएफसी ७५७८ या दस्तऐवजात आहे. तेव्हा अर्ज तयार करणाऱ्याने खाते, नाव, विषय हे छोटे रकाने वर घ्यावेत आणि फाइलचा रकाना सर्वांत खाली ठेवावा.