‘बोर्ड’ : एका फळीची कुळकथा

इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही तोंडीं रोज येणारे जे थोडे इंग्रजी शब्द आहेत, त्यांत ‘बोर्ड’ हा एक आहे. दुकानावर बोर्ड लागतो, परगांवचा मुलगा बोर्डिंगांत राहतो आणि दहावीची परीक्षा बोर्ड घेतें. लांकडाची फळी, जेवणाची सोय व अधिकारी मंडळ यांचें परस्परांशीं नातें तरी काय? तें शोधूं लागलें म्हणजे शब्दामागें उभा असलेला समाज दिसूं लागतो.

जुन्या इंग्रजींत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. लांकडी ढालीलाही तोच शब्द लावीत. त्याच उच्चाराचा दुसरा एक शब्द कांठ किंवा गलबताची बाजू या अर्थीं होता. पुढें दोन्ही एकांत मिसळून गेले. त्या काळीं वल्ह्यासारखें सुकाणूं गलबताच्या उजव्या अंगास असे, म्हणून उजवी बाजू ती ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू. आकाशांतील ताऱ्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. डाव्या बाजूस ‘लारबोर्ड’ म्हणत. हुकूम ओरडून देतांना या दोन नांवांचा घोटाळा होई. म्हणून १८४४ सालीं ब्रिटिश नौदलानें ‘लारबोर्ड’ सोडून ‘पोर्ट’ हा शब्द ठरविला. विमानांत चढतांना जो ‘बोर्डिंग पास’ दाखवावा लागतो, त्याचें मूळ गलबताच्या या बाजूंतच आहे.

परंतु या शब्दाचें भाग्य उजळलें तें घरांत. मध्ययुगीन इंग्लंडांतील मोठ्या घरांतून जेवणाचें मेज बहुधा कायमचें मांडलेलें नसे. जेवणाच्या वेळीं लांकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकीत व जेवण आटोपतांच त्या उचलून ठेवीत. अशा रीतीनें फळी म्हणजे मेज आणि मेज म्हणजे त्यावरील अन्न असा अर्थ वाढत गेला. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरीं जेवणारा तो ‘बोर्डर’. पेले ठेवण्याची फळी ती ‘कपबोर्ड’. तिला दारें मागाहून आलीं. पत्ते खेळतांना हात मेजाच्या वर ठेवणारा लबाडी करूं शकत नाहीं, म्हणून सरळ व्यवहार तो ‘अबव्ह बोर्ड’.

याच मेजाभोंवतीं माणसें सल्लामसलतीस बसलीं आणि मेजाचें नांव माणसांस मिळालें. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानांतील कारभारावर देखरेख करण्यासाठीं १७८४ च्या कायद्यानें नेमलेलें ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ तें यांपैकींच. ज्या देशाचे निर्णय तेथें होत, त्या देशाच्या एकाही माणसास त्या मेजाशीं जागा नव्हती.

तेव्हां मेजाशीं जागा कोणास, हाच या शब्दाच्या इतिहासांतील महत्त्वाचा प्रश्न आहे. इंग्लंडांत १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानें लोकनियुक्त स्कूल बोर्डें निघालीं व त्यांच्या निवडणुकीस स्त्रियांनाही उभें राहतां आलें. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोन स्त्रिया निवडून आल्या. पार्लमेंटांत बसण्याचा हक्क स्त्रियांस १९१८ सालीं मिळाला. शाळांच्या मेजाशीं त्या अठ्ठेचाळीस वर्षें आधींच बसल्या होत्या.

आपल्या महाराष्ट्रांत मात्र या शब्दाचा जेवणाचा अर्थच अधिक मोलाचा ठरला. कोल्हापुरांत शाहू महाराजांच्या आश्रयानें १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें व पुढें निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं बोर्डिंगें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास जें बोर्डिंग काढलें, त्यांत तर सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एकत्र जेवत. खेड्यांतल्या गरीब मुलास विद्येआधीं दोन वेळचें अन्न लागतें आणि पंक्तीला बरोबरीची जागा लागते, हें या माणसांनीं ओळखलें होतें.

असा शब्द आपल्याकडे नाहीं असें मात्र नव्हे. संस्कृत ‘पट्ट’ म्हणजे फळी, तसाच पत्रा व आसनही. त्यापासून जेवावयास बसण्याचा ‘पाट’ आला, अक्षरें गिरवण्याची ‘पाटी’ आली आणि राजाचा ‘पट्टाभिषेक’ही आला. अन्न, विद्या व सत्ता या तिन्ही गोष्टी आपल्याही पूर्वजांनीं एकाच शब्दाच्या कुळांत आणून बसविल्या.

म्हणून घरांतील मुलानें ‘बोर्ड म्हणजे काय?’ असें विचारल्यास कोशांतील एक अर्थ सांगून थांबूं नये. त्याला फळी दाखवावी, मग त्या फळीभोंवतीं कोण बसलीं आणि कोण उभीं राहिलीं, हेंही सांगावें.