हळू आणि सावकाश

पंगत बसली, वरणभातावर तूप पडलं, की यजमान हात जोडून पानांपुढून फिरतो आणि म्हणतो, ‘मंडळी, सावकाश होऊ द्या.’ इथे ‘हळू होऊ द्या’ असं कोणी म्हणत नाही. मराठीच्या कानाला या दोन शब्दांतला फरक चांगला कळतो, आणि धावपळ कमी करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा नीट पाहावा असं मला मनापासून वाटतं.

‘सावकाश’ म्हणजे स + अवकाश, अवकाशासहित. संस्कृतात अवकाश म्हणजे मोकळी जागा, वाव. मराठीत हा शब्द काळालाही लागतो. ‘अवकाशयान’ म्हणताना आपल्याला जागा दिसते, तर ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ म्हणताना दिवस. हिंदीत तर अवकाश म्हणजे सुट्टी. तेव्हा सावकाश केलेल्या कामाला वेग किती, हा प्रश्न नंतरचा. त्या कामाभोवती जागा मोकळी ठेवलेली असते, हे महत्त्वाचं. यजमानही तेच सांगत असतो : तुमच्यामागे आज कसली घाई लावलेली नाही.

‘हळू’ची गोष्ट निराळी. त्याचं मूळ संस्कृत ‘लघु’. प्राकृतात त्याचा ‘लहु’ झाला, मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘लहुअ’ आणि ‘हलुअ’ ही दोन्ही रूपं नोंदलेली आहेत. आपला ‘हलका’ही याच कुळातला. म्हणून ‘हळू बोल’ म्हणजे आवाज हलका कर, ‘हळू ठेव’ म्हणजे हाताचा जोर कमी कर. संथपणाचा अर्थ या हलकेपणातूनच आला.

आता काळ मोजण्याच्या शब्दाकडे येऊ. घटका म्हणजे 24 मिनिटं. अशा 60 घटकांचा एक अहोरात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत चढत जातं, वाटी जड होते आणि काठोकाठ भरली की बुडते. बुडाली की एक घटका झाली. वाटी उचलायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. हे घटिकापात्र. ‘घट’ म्हणजे मडकं, त्यावरून घटिका, घटका. आणि मनगटावरच्या ‘घड्याळा’तही तोच घट आहे. म्हणून तास वाजतो, पण घटका ‘भरते’. ‘घटकाभर टेका’ म्हणणाऱ्या आजीला 24 मिनिटं मोजायची नसतात. वेळ ही भरू देण्याची गोष्ट आहे, एवढं मात्र तिच्या शब्दात जपलेलं असतं.

‘फुरसत’ आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आली. मूळ अर्थ संधी. मराठीत ती रिकामा वेळ झाली, आणि रिकाम्या वेळाला संधीचं नाव मिळालं हे मला फार योग्य वाटतं.

हे सगळे शब्द शेजारी ठेवले की एक क्रम दिसतो. आधी हलकं व्हायचं, मग जागा मोकळी होते, मग त्या जागेत वेळ भरतो. चाल मंदावते ती या सगळ्यानंतर, आपोआप. आपण मात्र बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून पाय हळू टाकायला बघतो, आणि दमतो. रविवारी चार घरी यायचं कबूल करून ‘आज निवांत राहायचं’ असं मनाशी कितीही घोकलं, तरी दिवस धावपळीतच जातो. त्यातल्या दोन घरी आधीच नाही म्हणावं लागतं. नाही म्हणताना वाईट वाटतं, क्वचित कोणी रुसतंही. पण उरलेल्या दोन घरी मग चहा झाल्यावरही बसता येतं.