डिस्कची वाटणी: काशीमीरा परिसरातील संगणक आणि लिनक्स

लिनक्स बसवताना डिस्कची विभागणी स्वतःच्या हाताने करण्याचा पर्याय निवडला की जे अडथळे समोर येतात, ते बहुतेक वेळा बसवणाऱ्याच्या अज्ञानातून आलेले नसतात. त्या डिस्कची वाटणी आधी कोणत्या काळात आणि कोणत्या मर्यादेत झाली होती, याचे ते परिणाम असतात. काशीमीरा परिसराच्या संदर्भात हे नीट पाहता येते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील नाक्याभोवतीची काशी आणि मीरा ही गावे १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषदेत आली, २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि शेती व मिठागरांच्या या पट्ट्यातील शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. घरगुती संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला तो याच वाढीच्या काळात, आणि ज्यांना तयार यंत्र परवडत नसे त्यांच्यासाठी मीरा रोडहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून घेतलेला ‘असेंबल्ड’ संगणक हा सरळ मार्ग होता.

या संगणकांतील डिस्कची वाटणी ज्या पद्धतीने होई, ती १९८३ ची होती. त्या वर्षी आयबीएमने १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह पीसी-एक्सटी हे यंत्र आणले आणि त्यासोबतच्या डॉस २.० मध्ये ‘एफडिस्क’ हा वाटणीचा प्रोग्राम दिला. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये, ज्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात, पार्टिशनच्या नोंदींसाठी अवघे ६४ बाइट राखून ठेवले गेले. प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागत असल्याने नोंदी चारच मावल्या. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा होय: तो जमीन नव्हे, जमिनीची नोंद आहे, आणि म्हणूनच चुकून पार्टिशन पुसले गेले तरी वर काही नवे लिहिलेले नसेल तोवर आतला मजकूर जागेवरच असतो व ‘टेस्टडिस्क’सारखा प्रोग्राम हरवलेल्या सीमा शोधून नोंद पुन्हा उभी करू शकतो. घाबरून लगेच दुसऱ्यांदा लिनक्स बसवायला घेणे हा अशा वेळी सर्वांत घातक उपाय ठरतो.

चार नोंदी अपुऱ्या पडू लागल्यावर त्यांपैकी एकीला ‘एक्स्टेंडेड’ म्हणून घोषित करून तिच्या पोटात ‘लॉजिकल’ पार्टिशने ठेवण्याची सोय पुढे झाली. त्यातच फॅट-१६ या फाइलप्रणालीत एक पार्टिशन दोन गिगाबाइटांहून मोठे होऊ शकत नसे, त्यामुळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील मोठ्या डिस्कचे तुकडे करणे भागच होते. फॅट-३२ आल्यावर ही सक्ती संपली, तरी सी, डी आणि ई असे तीन ड्राइव्ह पाडून देण्याची जुळवणाऱ्यांची सवय टिकली. अशा यंत्रावर लिनक्स बसवू पाहणाऱ्याला डी किंवा ई कुठेच दिसत नसे. तिथे ‘एचडीए५’, ‘एचडीए६’ अशी नावे येत, कारण पहिले चार आकडे मुख्य नोंदींसाठी राखीव असल्याने लॉजिकल पार्टिशनांची मोजणी लिनक्समध्ये पाचपासून सुरू होते. चुकीचा ड्राइव्ह पुसला जाण्याचा धोका या नावांच्या फरकात होता.

महाजालाची जोडणी टेलिफोनच्या तारेवरून, मंद आणि महाग असण्याच्या त्या काळात लिनक्स घरी येई ते सीडीवरून. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या, आणि या उपक्रमामागील अतुल चिटणीस यांचे श्रेय मोठे आहे. वाटणी बरोबर होऊनही यंत्र सुरू न होण्याचा अनुभव तेव्हा सार्वत्रिक होता. लिलो हा आरंभक प्रोग्राम आपल्या नावाची चार अक्षरे एकेक टप्पा पार पडताच पडद्यावर उमटवी, आणि पहिली दोनच उमटून यंत्र थांबले तर त्याचा दुसरा टप्पा वाचला गेला पण चालू शकला नाही, असा अर्थ निघे. याचे एक नेहमीचे मूळ यंत्र सुरू करणाऱ्या जुन्या बायोसच्या १०२४ सिलिंडरांच्या, म्हणजे बहुधा ८.४ गिगाबाइटांच्या, मर्यादेत असे. डिस्कच्या आरंभी ‘बूट’चे छोटे पार्टिशन ठेवण्याचा सल्ला त्यातूनच आला, आणि कारण नाहीसे झाल्यानंतरही कित्येक वर्षे तो दिला जात राहिला. स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा, मेमरीच्या दुप्पट ठेवावी हा नियमही असाच आपल्या काळापलीकडे जगला.

तयार लॅपटॉप स्वस्त झाल्यावर अडचणीचे रूप पालटले. काही उत्पादक विंडोजचे आरंभ-पार्टिशन, सी ड्राइव्ह, पुनर्स्थापनेची प्रत आणि स्वतःची साधने अशा चारही मुख्य नोंदी वापरून टाकत. मग सी लहान करून शंभर गिगाबाइट मोकळे केले तरी लिनक्सचा इन्स्टॉलर ती जागा निरुपयोगी ठरवी. जागा होती, नोंद करायला ओळ उरली नव्हती. अशा वेळी एका पार्टिशनची प्रत बाहेर काढून ते रद्द करणे आणि तिथे एक्स्टेंडेड नोंद करणे, हाच मार्ग उरे.

जीपीटी या नव्या तक्त्यात साधारणपणे १२८ नोंदींची जागा आणि डिस्कच्या शेवटी तक्त्याची दुसरी प्रत असल्याने ही कोंडी सुटली, पण यूईएफआय या नव्या आरंभपद्धतीला फॅट फाइलप्रणालीचे वेगळे ईएफआय पार्टिशन लागू लागले. विंडोज यूईएफआय पद्धतीने आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू केला, तर वाटणी निर्दोष असूनही यंत्र सुरू होताना दोन्ही प्रणाली एका निवडयादीत येत नाहीत. ‘मूळ फाइलप्रणाली ठरवलेली नाही’ या इन्स्टॉलरच्या नेहमीच्या सूचनेचे कारण याहून साधे असते: पार्टिशन तयार केलेले असते, परंतु त्याला तिरप्या रेघेने दर्शवला जाणारा मूळ आरोहबिंदू, म्हणजे सगळ्या फाइलींच्या झाडाचा उगम, नेमून दिलेला नसतो.

हे सर्व मराठीत वाचता येणे ही अलीकडची, आणि पुरेशी दखल न घेतली गेलेली, गोष्ट आहे. साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटत नसल्याने त्यासाठी चित्रमय इन्स्टॉलर आवश्यक होता; डेबियन या लिनक्स वितरणाने तो २००७ मध्ये आणला आणि २००९ च्या ‘लेनी’ आवृत्तीत मराठीचा समावेश झाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केलेले लोहित टंक त्याआधीच उपलब्ध होते. तथापि आजच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क इन्स्टॉलरला मुळीच दिसत नाही, कारण इंटेलच्या आरएसटी या डिस्क हाताळण्याच्या व्यवस्थेमुळे ती झाकलेली असते. ही व्यवस्था बदलायची तर इन्स्टॉलरमधून बाहेर पडून यंत्राच्या फर्मवेअरच्या पानांवर जावे लागते, आणि डेबियनच्या मराठी अनुवादकांचे काम त्या पानांपर्यंत पोचू शकत नाही.