समाधान आणि दोन त्याग : ना. वा. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीचा एक विचार

अर्वाचीन मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची ओळख प्रायः दोन कप्प्यांत विभागली गेली आहे. एकात केशवसुतांचे समकालीन, फुलामुलांचे कवी आणि बालकवींना आपल्या घरी आसरा देणारे टिळक; दुसऱ्यात ख्रिस्ती अभंगांचे कर्ते व धर्मोपदेशक टिळक. या विभागणीमुळे दोहोंना जोडणारा एक प्रश्न मागे पडतो. टिळकांच्या भक्तिकाव्याच्या गाभ्याशी असलेले समाधान त्यांना केव्हा लाभले आणि त्यासाठी कोणते मोल द्यावे लागले? धर्मांतराच्या क्षणी ते एकदाच हाती आले, अशी सर्वसाधारण समजूत असते. टिळकांचा जीवनक्रम मात्र तिला दुजोरा देत नाही.

१८९० नंतरच्या काळातील टिळक हे महत्त्वाकांक्षी पुरुष होते. ही महत्त्वाकांक्षा धनाची नव्हती. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाखाली 'ऋषी' हे मासिक चालवीत असताना, देशाच्या उत्कर्षासाठी जातिभेदरहित असा नवा धर्म आपणच स्थापावा, ही आकांक्षा त्यांच्या मनात घर करून होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मसंस्थापक होऊ पाहणारा मनुष्य शिष्य झाला. पहिल्या त्यागाचे मर्म हेच आहे. टिळकांनी प्रथम सोडले ते स्वतःच्या थोरवीचे स्वप्न.

त्या काळी धर्मांतरितांवर ऐहिक लाभाचा आरोप सर्रास होत असे. टिळकांच्या बाबतीत तो टिकण्यासारखा नाही. चित्पावन ब्राह्मण घराण्यातील या विद्वानाने बाप्तिस्म्याबरोबर जात गमावली, आप्तेष्ट गमावले, आणि पत्नी व लहान मुलगा यांच्यापासून तो काही वर्षे दुरावला. तथापि इतिहासाची गुंतागुंत येथेच सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांना अहमदनगरास अध्यापन, पुढे पाळकपद आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादकत्व लाभले. ज्या श्रद्धेसाठी प्रतिष्ठा सोडली, त्याच श्रद्धेच्या संस्थेत वेगळी प्रतिष्ठा वाट्यास आली. संस्थेची सूत्रे परदेशी मिशनऱ्यांच्या हाती असल्याने या प्रतिष्ठेला परावलंबनाची किनारही होती. धर्मांतराने ऐहिकाचा प्रश्न मिटला नाही. त्याने केवळ आपले स्थान बदलले.

समाधान या शब्दाचा मराठीतील संस्कार येथे ध्यानी घ्यावयास हवा. 'दासबोधा'त तो साधनेच्या परिणतीचा निदर्शक आहे. वारकरी अभंगात समाधानाची कल्पना नामस्मरणाशी आणि संतसंगाशी निगडित आहे. बायबलमध्ये फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल बंदिवासातून सांगतो की, असेल त्या स्थितीत तृप्त राहण्यास तो शिकला आहे. तृप्ती ही येथेही शिकावी लागणारी गोष्ट आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ही टिळकांची धारणा म्हणूनच केवळ चमत्कृतिपूर्ण उक्ती ठरत नाही. अभंग, भजन व कीर्तन यांच्याद्वारे ख्रिस्ताला आळवताना त्यांनी आपल्या श्रद्धेला समाधानाची ही देशी परिभाषा मिळवून दिली. परक्या घाटाच्या उपासनेत ती त्यांना गवसणे कठीण होते.

या परिभाषेचा जीवनातील आविष्कार म्हणजे १९१७ मधील दुसरा त्याग. त्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा संकल्प केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ होता. १८९५ मध्ये त्यांनी सोडलेले स्वप्न आणि १९१७ मधील हा दरबार यांत वरकरणी साम्य आहे. दोन्हींच्या मुळाशी भेदांपलीकडच्या समाजाची कल्पना आहे. भेद आहे तो केंद्राविषयी. पहिल्या कल्पनेच्या मध्यभागी टिळक होते, दुसरीच्या मध्यभागी ख्रिस्त. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. या नव्या जीवनास जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यामुळे दरबाराचे यश संघटनेच्या निकषावर मोजणे अप्रस्तुत ठरेल.

परंतु त्यागी पुरुषाच्या समाधानाचा हिशेब त्याच्या एकट्याच्या साक्षीवर पुरा होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) ही येथे अनिवार्य संहिता ठरते. टिळकांचे औदार्य, लहरीपणा आणि द्रव्याविषयीची बेफिकिरी यांचा भार संसारात कोण वाहत होते, हे लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर न लावता, विनोदाच्या अंगाने दाखवितात. पतीच्या धर्मांतराने कोसळलेल्या या स्त्रीने १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो अनुकरणापोटी नव्हे. सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांतून तिची सुटका तिच्या स्वतःच्या विचाराने व अनुभवाने क्रमशः झाली होती. टिळकांचे समाधान त्यागाच्या मोठ्या निर्णयांतून आकारले. लक्ष्मीबाईंचे, दुसऱ्याच्या निर्णयांचे परिणाम निभावताना. मराठी समीक्षेने पहिल्यास अध्यात्म म्हटले आणि दुसऱ्यास बहुधा विनोद व निर्मळपणा म्हणून गौरविले. ही वर्गवारी पुनर्विचारास पात्र आहे, कारण ऐहिकाचा मोह सुटल्याची परीक्षा संन्यासापेक्षा रोजच्या व्यवहारात अधिक कठोर असते.

१९०९ मध्ये टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपूर्णच राहिले. त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने पतीच्या महाकाव्याचा बहुतांश भाग रचावा, ही घटना पतिनिष्ठेच्या उदाहरणापुरती सीमित ठेवणे अन्यायाचे होईल. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीचा इतिहास लिहिताना 'ख्रिस्तायन' हे दोन कवींचे काव्य म्हणून वाचले पाहिजे, आणि समाधानाच्या दोन वाटांपैकी दुसरीचा शोध त्या ६४ अध्यायांत घेतला पाहिजे.