गिटलॅबची ती रात्र : 31 जानेवारी 2017

(वेळा यूटीसीनुसार. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे.)

17.20 : गिटलॅब डॉट कॉमवर जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. तिथल्या पोस्टग्रेस डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांत वाटता येईल का, हे एक अभियंता 'पीजीपूल-टू' लावून पाहणार होता. त्यासाठी त्याने मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने घेऊन चाचणीच्या सर्व्हरवर नेला. एरवी तो चोवीस तासांतून एकदाच निघे.

19.00 : भार एकाएकी चढला. स्पॅमचा संशय आला.

23.00 : स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर, अडला. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल 'वॉल' फाइलींत लिहितो आणि त्या वाचत दुय्यम सर्व्हर मागोमाग येतो. त्या रात्री दुय्यमाने वाचण्याआधीच मुख्याने जुन्या फाइली काढून टाकल्या होत्या. त्या वेगळ्या जपून ठेवण्याची सोय नव्हती. म्हणजे दुय्यमाची डेटा डिरेक्टरी रिकामी करून 'पीजी_बेसबॅकअप'ने सगळे नव्याने आणायचे. आधी सेटिंग्ज आडवी आली. जोडण्यांची मर्यादा 8000 वरून 2000 वर आणल्यावर पोस्टग्रेस सुरू झाला, पण बेसबॅकअप चकार शब्द न काढता नुसता थांबून राहिला. खरे तर तो मुख्य सर्व्हरकडून डेटा येण्याची वाट पाहत होता. पडद्यावर मात्र तसे काहीच दिसत नव्हते.

23.30 : आधीच्या प्रयत्नांतल्या फाइली आड येत असाव्यात, असे वाटून अभियंत्याने डिरेक्टरी पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, की हा दुय्यम डीबी2 नव्हे, मुख्य डीबी1 आहे. आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबींपैकी साडेचार जीबी उरले होते. दुय्यम तर आधीच रिकामा केलेला.

मध्यरात्रीनंतर : बॅकअपची शोधाशोध. बॅकअप जिथे साठायचे, त्या एस3 वर काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस 9.6 चा, पण डंप घेणारे साधन 9.2 चे, म्हणून ते दर वेळी बंद पडत होते. तसे कळवणाऱ्या ईमेल डीमार्क (ईमेलची खातरजमा करणारी पद्धत) नसल्यामुळे नाकारल्या जात होत्या. अझ्युर क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरांसाठी चालूच केलेले नव्हते. माझ्या मते घात इथे झाला, 23.30 ला नव्हे. चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा कुणाच्याही हातून जाऊ शकते. बॅकअप परत उभा राहतो का, हे तपासण्याची जबाबदारी मात्र कुणाकडेच नव्हती. आणि स्टँडबाय हा बॅकअप नसतो. मुख्यावर डेटाबेसच्या आज्ञेने जे पुसले जाईल, ते तोही इमानाने पुसतो.

1 फेब्रुवारी : हाती उरला तो 17.20 चा स्नॅपशॉट. चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क संथ, त्यामुळे कॉपी तासन्‌तास चालली. गिटलॅबने काही लपवले नाही. कामाच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही केले. धीर लागतो त्याला.

18.00 : सेवा पूर्ववत. कोडच्या रिपॉझिटरी सुखरूप होत्या. सुमारे 5000 प्रोजेक्ट, 5000 टिप्पण्या आणि 700 नवे वापरकर्ते यांच्या डेटाबेसमधल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

तुमच्याकडे स्टँडबाय असेल, तर शेवटचा बॅकअप कुणी आणि कधी परत उभा करून पाहिला, हे आजच विचारा.