बोरघाटांतील सोडलेली वाट

लोणावळ्याची चिक्की आणि पावसाळ्यांतले धबधबे यांपलीकडे खंडाळ्याच्या घाटाशीं बहुतेक पुणेकरांचा परिचय नसतो. गाडी बोगद्यांत शिरते, मुलें ओरडतात, आणि अर्ध्या-पाऊण तासांत कर्जत येतें. या मार्गाच्या शेजारींच १९२९ पर्यंत एक दुसरा लोहमार्ग नांदत होता, याची उतारूंस गंधवार्ताही नसते. गेल्या माघांत आम्ही तिघे स्नेही त्या टाकून दिलेल्या मार्गाचा माग काढीत एक सकाळ हिंडलों. रूळ केव्हांच गेले. उरली आहे ती डोंगराच्या कुशींत खोदलेली सपाट पायरी, तिच्यावर माजलेल्या करवंदीच्या जाळ्या, आणि मधूनमधून काळ्या दगडाचें जुनें बांधकाम.

मुंबई-ठाणें आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. पुढची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. १८५६ मध्यें रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचले. जून १८५८ मध्यें घाटमाथ्यावर पुणें-खंडाळा गाडी सुरू झाली. आणि मधला डोंगर तसाच राहिला. पुढें पांच वर्षें पुण्याचा मनुष्य आगगाडीनें खंडाळ्यास जाई, तेथून पालखींत, तट्टावर अगर पायीं घाट उतरे, आणि खोपोलीस पुन्हा आगगाडींत बसे. सर जॉन माल्कम यांनीं १८३० सालीं खुला केलेला गाडीरस्ता होता, म्हणून एवढें तरी साधलें.

घाट बांधण्याची योजना जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याची. सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढावयाचें. बोगदे पंचवीस, मोठे पूल आठ, आणि सर्वांत बिकट जागीं सदतीस फुटांस एक फूट असा चढ. त्यांतही एके ठिकाणीं डोंगराची सोंडच संपत होती आणि गाडीस वळण्यापुरती जागा नव्हती. तेथें बर्कले यांनीं जी युक्ति केली तिचाच अवशेष आम्ही पाहण्यास गेलों होतों. गाडी कड्याच्या टोंकाशीं येऊन थांबे. इंजिन सोडून दुसऱ्या टोंकास जोडीत. आणि मघांचा शेवटचा डबा पुढें करून ती उरलेला चढ चढूं लागे. याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांनीं घाट खुला केला, पण तो दिवस पाहण्यास बर्कले राहिले नव्हते. आदल्याच वर्षीं ते वारले. १९२९ मध्यें नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला, विजेचीं इंजिनें आलीं, आणि १९३० च्या जूनपासून डेक्कन क्वीन धांवूं लागली. जुनी वाट त्या गडबडींत मागें पडली.

बर्कले यांचें नांव राहिलें. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ सालीं येथें येतांच मरण पावला आणि त्याची विधवा अ‍ॅलिस हिनें दोन अभियंत्यांकरवीं कंत्राट तडीस नेलें, हेंही लिहिलेलें आहे. आणि बाईंचें तें धैर्य लिहिण्याजोगें खरेंच. पण १८६१ सालीं चाळीस हजारांवर माणसें या डोंगरांत खपत होतीं. त्याच्या दोन वर्षें आधीं थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला होता. पटकीनें तर तळचे तळ ओस पाडले. त्या माणसांचीं नांवें कोठें आहेत?

एकच नांव लोकांनीं जपलें आहे, तें शिंगरोबाचें. जुन्या रस्त्यावर त्याचें देऊळ आहे. साहेबांस वाट सांपडेना तेव्हां या धनगरानें ती दाखविली. काय बक्षीस हवें असें विचारतां त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें, आणि त्यास गोळी घातली गेली, अशी कथा आहे. इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाहीं असें आमचें मत आहे. हा मार्ग एका सकाळीं कोणीं बोटानें दाखविलेला नव्हे. अनेक हंगामांच्या मोजणींतून तो ठरला. धनगराच्या तोंडची मागणीही आम्हांस मागाहूनच्या काळाची वाटते. परंतु साहेबाच्या दुर्बिणीपूर्वींही गुरांच्या पायवाटा या डोंगरांत होत्या, आणि त्या माहीत असलेलीं माणसेंही होतीं, हें कोण नाकारील? कथा खोटी ठरली म्हणून जिच्यामुळें ती जन्मली ती उणीव खोटी ठरत नाहीं.

परदेशांत असे मृत लोहमार्ग पादचाऱ्यांस देऊन टाकतात. अमेरिकेंत पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत सुमारे दीडशें मैलांची अशी वाट २०१३ मध्यें पुरी झाली, आणि तिच्या कांठचीं जुनीं गांवें तीमुळें पुन्हा जागीं झालीं म्हणतात. आपल्याकडे तसें झाल्यास आम्हांस आनंदच होईल. मात्र वाटेवर जो फलक लागेल, त्याचा मजकूर कोण लिहितो हें पाहिलें पाहिजे. बोरघाटांतला अमृतांजन पूल २०२० सालीं पाडला, तेव्हां हळहळलेल्यांत आम्हीही होतों. पण तो बांधणारांविषयीं बोलण्यासारखें आम्हांपाशीं कांहीं नव्हतें.

उन्हें चढलीं तसे आम्ही रस्त्यास लागलों. शिंगरोबापाशीं एक मालमोटार थांबली होती. चालकानें नारळ फोडला, खोबऱ्याचा एकेक तुकडा आम्हां तिघांच्याही हातावर ठेवला, आणि तो घाट उतरूं लागला.